खुर्चीखालचं पाणी

जावयाने आपला कॉम्प्युटर पाण्याने थंड करायचं ठरवलं, तेव्हा घरात कोणी त्याला तसं सुचवलं नव्हतं. तो ड्राफ्ट्समन होता. ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायचा आणि उरलेलं काम घरी आणायचा. एखाद्या बंगल्याचं रंगीत चित्र करायला घेतलं की कॉम्प्युटरचा पंखा इतका घोंगावायचा, की शेजारच्या खुर्चीत पेपर वाचणारे सासरे पेपर मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहायचे. बोलायचे काही नाहीत. उभी हयात त्यांनी फुटबॉलच्या मैदानावर पंच म्हणून काढली होती आणि ओळखीपाळखीचे सगळे त्यांना पंचच म्हणत. नुसतं बघितलं की समोरच्याला आपली चूक कळते, असा त्यांचा अनुभव होता.

पंच लेकीकडे राहायला आल्यापासून त्यांचा पलंग, त्यांची खुर्ची आणि जावयाचं टेबल एकाच खोलीत होतं. तेव्हा आवाज बंद करणं हे आपलं कर्तव्यच आहे, असं जावयाने बायकोला पटवून दिलं. पंपाने पाणी फिरवायचं, पाण्याने उष्णता उचलायची, रेडिएटरने ती बाहेर टाकायची. हे समजावताना त्याने कागदावर एक आकृतीही काढली. बायको औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट होती आणि तिचा आकृत्यांवर फारसा विश्वास नव्हता. पाणी आणि वीज एकाच डब्यात कोंडायची कल्पना कुणा शहाण्या माणसाला सुचणार नाही, असं तिचं म्हणणं पडलं. शेवटी ती म्हणाली, "कर. पण खाली एक थेंब जरी दिसला, तर तो डबा घराबाहेर जाईल."

जावई हसला. अडाणी माणसाला समजून घेताना हसतात तसं. हे हसू त्याला पुढे फार दिवस आठवायचं होतं.

सामान आलं. छोटा पंप, काचेची टाकी, गाडीच्या रेडिएटरचं पिल्लू शोभेल असा रेडिएटर, पारदर्शक नळ्या आणि पिशवीभर पितळी जोड. प्रत्येक जोडात एक बारीक काळी रबरी रिंग बसवायची होती. सगळं जोडून झालं की कॉम्प्युटर बंद ठेवून नुसता पंप दिवसभर चालवा आणि खाली टिश्यू पेपर पसरून गळती बघा, असं सोबतच्या कागदावर ठळक अक्षरांत छापलं होतं. जावयाने चहाचा कप संपेपर्यंत बघितलं. टिश्यू कोरडा होता. आत फिरवायचं पाणी वेगवेगळ्या रंगांत मिळत होतं. दिव्याच्या उजेडात मधासारखं दिसेल म्हणून त्याने फिकट पिवळं घेतलं. एवढ्या रंगांतून नेमका तोच रंग निवडायची काही गरज नव्हती.

पंखा गप्प झाला. जावयाने पंचांकडे बघितलं. पंचांनी मान हलवली आणि पेपर उलटला. जावई दिवसभर तरंगत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोने त्याला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटून घेतलं. तिचा चेहरा उतरला होता. बाबांच्या खुर्चीखाली पाणी साचलंय, ती कुजबुजली. पाणी म्हणजे पाणी नाही. पिवळसर आहे. तिने पुसून घेतलं होतं, फिनाइलही टाकलं होतं.

तोंड उघडून जावयाने "अगं, ते..." एवढं म्हटलंही.

"त्यांच्यासमोर एक अक्षर काढू नकोस," बायको म्हणाली. "लाजेने मरतील ते."

मग जावई गप्प बसला. सासऱ्यांची लाज राखण्यासाठीच आपण गप्प आहोत, असं त्याने मनाला सांगितलं आणि मनाने ते लगेच ऐकलं. रात्रीच्या जेवणाआधी त्याने टेबलाखाली वाकून बघितलं. रेडिएटरच्या खालच्या जोडातून एकेक थेंब टेबलाच्या पायावरून उतरत होता आणि फरशीला असलेल्या उताराने थेट पंचांच्या खुर्चीखाली जाऊन थांबत होता. दिवसभर इमारतींचे उतार काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या खोलीचा उतार त्या दिवशी कळला. त्याने जोड पान्याने आवळला. दुसऱ्या दिवशी पाणी दुप्पट आलं.

तेव्हा बायकोने कारभार हातात घेतला. दुकानातून मोठ्या माणसांचे डायपर आले, पण बाबांना ते घाला म्हणायचा धीर न झाल्याने कपाटातच राहिले. खुर्चीवर आणि गादीखाली रबरी चादर आली. पंचांचा संध्याकाळचा चहा बंद झाला. तिच्या भावाचा फोन आला, त्याच्या बायकोचा आला, मग एका मावशींचा आला आणि त्यांनी स्वतःच्या नवऱ्याची हकिकत इतक्या तपशिलात सांगितली, की जावयाला फोन कानापासून लांब धरावा लागला. पंच सकाळी मैदानावर मुलांचा खेळ बघायला जात असत, तेही थांबलं. नवल म्हणजे त्यांनी कशालाच हरकत घेतली नाही. हयातीत ज्यांच्याशी कोणी वाद घातला नव्हता, ते पंच रबरी चादरीवर मुकाट्याने बसले. उठताना चादर फाटकन आवाज करायची आणि ते पुन्हा खाली बसायचे.

जावयाला ते बघवेना. निदान आता सांडायला नको, म्हणून त्याने पंप बंद करून सगळं पाणी बादलीत काढलं आणि गॅलरीच्या मोरीत ओतलं. जोड उघडला तर आत रिंगच नव्हती. ती पिशवीच्या तळाशी चिकटून बसली होती. आता खुर्ची कोरडी राहील, चार दिवसांत सगळे विसरतील, मग कशाला कोणाला काय सांगायचं, असा हिशोब करून तो झोपला.

सकाळी पंचांच्या पलंगाजवळ पाणी होतं.

बादली नेताना सांडलं असणार, जावयाच्या मनात आलं. पण बायकोने आता डॉक्टरांची वेळ घेतली होती आणि पंचांना घेऊन जायचं काम त्याच्याकडे आलं. दवाखान्यात पंच आत गेले, बाटली घेऊन बाहेर आले आणि नर्सने ती जावयाच्या हातात दिली, कारण तपासणीची खिडकी खालच्या मजल्यावर होती. बाटली कोमट होती. रंग मधासारखा होता. जिना उतरताना दोघंही एकमेकांकडे न बघता चालले.

रिपोर्टात काही निघालं नाही. डॉक्टरांनी वयाला दोष दिला आणि गोळ्या लिहून दिल्या. कारण सापडत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे, असं फोनवरच्या मावशींचं मत पडलं. बाबांना यापुढे एकटं सोडायचं नाही, असं बायको म्हणाली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जावयाने ताटातला घास तसाच ठेवला.

चार दिवसांनी एका दुपारी बायको दुकानात गेल्यावर तो रिंग तळहातावर घेऊन पंचांसमोर उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. थेंब, उतार, पिवळा रंग, आपलं गप्प बसणं, काहीही वगळलं नाही. बोलताना त्याची मान इतकी खाली होती, की त्याला पंचांच्या चपला तेवढ्या दिसत होत्या.

पंचांनी रिंग उचलून उजेडात धरली. कॉम्प्युटरजवळ जाऊन जोड निरखला. मग परत येऊन बसले. चादर वाजली.

"म्हणजे खुर्चीखालचं पहिलं तुमचं?"

"हो, बाबा."

"दुसरंही?"

"हो. आणि पलंगाजवळचंही. बादली रिकामी करताना सांडलं."

"बादली कुठे नेली होती तुम्ही?"

"गॅलरीत."

पंच बराच वेळ गॅलरीच्या दाराकडे बघत राहिले. दार टेबलाला लागून होतं. पलंग खोलीच्या दुसऱ्या टोकाला, बाथरूमच्या वाटेवर होता. जावयानेही आधी दार बघितलं, मग पलंग बघितला, आणि त्याच्या लक्षात आलं. आता कुठे बघावं ते त्याला कळेना.

"पहिल्या दोन वेळेला मला वाटलं, कळत नाहीसं झालं की काय आपल्याला," पंच हळू म्हणाले. "म्हणून बोललो नाही. तिसऱ्या वेळेला कळलं होतं. उठेपर्यंत उशीर झाला."

त्यांनी रिंग जावयाच्या तळहातावर परत ठेवली.

"तुम्ही सांगणारच आहात ना तिला?"

"आज संध्याकाळीच."

"मग तिन्ही तुमचीच सांगा." जरा थांबून ते म्हणाले, "आणि त्या गोळ्यांनी फरक पडतोय. दुसऱ्या दुकानातून आणत जा."

संध्याकाळी बायकोने सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं. आधी तिचा विश्वास बसेना, मग बसला, आणि त्यानंतर जावयाला जे ऐकावं लागलं त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. बोलून दमल्यावर तिला शंका आली.

"पण पलंगापर्यंत कसं गेलं पाणी? उतार तर इकडे आहे."

"पंपाचा दाब," जावई म्हणाला. "उडालं."

"एवढ्या लांब? आणि पंप तर तू बंद केला होतास ना?"

"बंद करतानाच उडतं. आत कोंडलेलं असतं."

बायकोने वडिलांकडे बघितलं. पंच पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मी बघितलं ना. चांगली धार गेली."

पंचांनी बघितलं म्हटल्यावर विषय संपला. डबा उद्या घराबाहेर जाईल असं ठरलं. बायकोने भावाला फोन लावला, मावशींना लावला, आणि नवऱ्याने केलेला पराक्रम दोघांनाही मोठ्या आवाजात सांगितला. रबरी चादर काढून तिने जावयाच्या अंगावर टाकली, हातात फडकं दिलं आणि पूर्ण खोली पुसायला लावली. वर बाबांची माफी माग म्हणाली.

जावई पलंगाजवळ गुडघ्यांवर बसला होता. फडकं हातात धरून त्याने माफी मागितली.

"असू द्या," पंच म्हणाले. "होतं असं एखाद्या वेळी. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"बघ," बायको जावयाला म्हणाली, "याला म्हणतात मोठं मन."

जावयाने मान हलवली आणि पलंगाखालचा कोपरा पुन्हा एकदा पुसला.