तीन नंबरच्या लाइनवर गाणं चालू आहे

आयुष्यात कसलाही पेच पडू द्या, त्याचं उत्तर कुठल्या ना कुठल्या गाण्यात असतं, आणि ते मला हमखास सापडतं. हे मी छातीठोकपणे सांगतो. नोकरी धरावी का, मिशी ठेवावी का, वरच्या मजल्यावरच्या काकांशी बोलणं पुन्हा सुरू करावं का, सगळं मी गाणी ऐकून ठरवलंय. मिशीचं चुकलं. पण त्यात गाण्याचा काही दोष नव्हता, मीच अंतरा अर्धवट ऐकला होता.

बायकोचं म्हणणं वेगळं. ती म्हणते, "तुला ठरवायचं नसतं ना, तेव्हा तू गाणं लावतोस."

मी एका वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रार विभागात आहे. तीन लाइनी, दोन खुर्च्या आणि एक खिडकी, जिच्यातून समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरी दिसतात. त्या चादरी दुपारभर डुलत असतात आणि त्यांच्याबरोबर मीही. पूर्वी ग्राहकाला होल्डवर टाकलं की एक टिंगटिंग धून वाजायची. ती ऐकून गरीब स्वभावाचा माणूससुद्धा पिसाळायचा. मागच्या महिन्यात फोन दुरुस्त करणारा आला, तेव्हा मी त्याला मस्का लावला आणि धून काढून माझ्या आवडीची गाणी घालून घेतली.

परिणाम काय विचारता. भांडायला आलेली माणसं विरघळू लागली. एक बाई बारा मिनिटं होल्डवर होत्या. मी उचलल्यावर म्हणाल्या, "राहू द्या हो. मशीन आवाज करतंय तर करू दे. या वयात मीही करते." एकाने तर मला दटावलं, "कडवं संपल्याशिवाय मध्ये बोलू नका." आमच्या मॅडम खूश झाल्या. तक्रारी निम्म्यावर आल्या होत्या. लोक फोन ठेवत नाहीत म्हणून लाइनी मोकळ्या होत नव्हत्या, हे त्यांच्या ध्यानात यायचं होतं.

आता मूळ गोष्ट. माझी बायको नकाशे काढणाऱ्या कचेरीत आहे. तिला दुसऱ्या गावच्या शाखेची प्रमुख म्हणून बोलावणं आलं. आठ तासांचा प्रवास, दोन वर्षं. हो की नाही ते त्या दिवशी पाच वाजेपर्यंत कळवायचं होतं. सकाळी बूट घालताना तिने विचारलं, "तुला काय वाटतं? खरं सांग."

खरं सांगायचं तर जाऊ नकोस एवढंच ओठांवर आलं होतं. पण मी म्हणालो, "विचार करतो. दुपारी फोन कर."

"मोबाइल तर तुम्हा लोकांना ऑफिसबाहेरच्या कपाटात ठेवावा लागतो."

"ऑफिसच्या नंबरवर कर की."

साडेचारला मॅडम दारातून म्हणाल्या, "तुमच्या घरून फोन आहे. होल्डवर टाकलाय." आणि निघून गेल्या. मी म्हटलं, आलोच. पण उत्तर कुठे तयार होतं? म्हणून मी कानाला हेडफोन लावला आणि होल्डवरचं गाणं ऐकू लागलो. एवढं संपलं की उचलतो, असं ठरवून.

गाणं एका पाखराचं होतं. पहिल्या कडव्यात ते उडतं, दुसऱ्यात फांदी हलत राहते. काय चाल होती! खिडकीबाहेर चादरी फुगत होत्या, ऊन त्यांच्यातून गाळून येत होतं, आणि मी त्या फांदीवर बसून होतो. गाणं संपलं, दुसरं लागलं, तेही संपलं, आणि फिरून पाखरू आलं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, फांदी म्हणजे मी! रिकामी फांदी व्हायचं नाहीये मला. सांगून टाकावं सरळ.

समोर फोनवर दोन लाइनींचे दिवे लुकलुकत होते. मी पहिला दाबला आणि श्वास न घेता बोलून गेलो, "हे बघ, जाऊ नकोस. तू गेलीस तर मला त्या घरात करमायचं नाही. मी सकाळीच म्हणायला हवं होतं, धीर झाला नाही."

पलीकडून एक वयस्कर, जाड आवाज आला. "अहो, मी कुठे जातोय? मशीनचं झाकण उघडत नाहीये. आत माझी पँट आहे."

मी माफी मागितली. पण आजोबा आता ऐकतात कुठे.

"कोण चाललंय तुम्हाला सोडून?"

"बायको. म्हणजे बदली आहे. आजोबा, ती तिकडे तीन नंबरच्या लाइनवर आहे."

"मग तिला अडवू नका. आमच्या हिला मी अडवली होती. तीस वर्षं रोज ऐकतोय."

आमच्याकडे नियम आहे, ग्राहक बोलत असताना त्याला होल्डवर टाकायचं नाही आणि त्याने ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही. आजोबांनी तीस वर्षांतली निदान वीस मला सांगितली. मग झाकण आपोआप उघडलं, पँट सुखरूप निघाली, आणि त्यांनी आशीर्वाद देऊन फोन ठेवला. घड्याळात पाच वाजून चार मिनिटं झाली होती.

मी घाईघाईने तीन नंबर दाबला. तोंडाला वळण एकच. "नमस्कार, आपली तक्रार सांगा."

"तक्रार होती," बायको म्हणाली. "आता नाही."

"अगं, मी…"

"छान गाणं होतं रे ते पाखराचं. तीनदा ऐकलं. ते कसं कुणाला न विचारता उडतं. मग म्हटलं, मी तरी किती वेळ विचारत बसू? पाचला पाच कमी असताना दुसऱ्या फोनवरून हो कळवून टाकलं."

"आणि फांदी? फांदीचं काय?"

"कुठली फांदी?"

मग तीच म्हणाली, आणि या वेळी आवाज जरा हळू होता, "तू एकदा नुसतं नको जाऊस म्हणाला असतास ना, तर मी थांबले असते."

"खरंच?"

"खरंच. आणि जन्मभर तुला ऐकवलं असतं."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. खूप काही म्हणायचं होतं. मी तुझ्याबरोबर येतो, नाहीतर दर शनिवारी येतो, नाहीतर निदान आज लवकर घरी येतो. पण अकरा वर्षांची सवय आडवी आली. फोन संपत आला की जे वाक्य म्हणायचं असतं, तेच माझ्या तोंडून निघून गेलं.

"आणखी काही मदत करू शकतो का?"

"हो," ती म्हणाली. "कपाटावरची मोठी बॅग काढून ठेव."