आबांचं धुळ्याचं गवत

माझं अक्षर किडमिडं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत जमलं नाही आणि पुढे शाळाच नव्हती. ही पानं कुणाच्या हाती पडलीच तर चुका पोटात घाला. शेजारच्या आबांविषयी मला काही सांगायचं आहे, पण चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून लिहिते.

आबा रोज फक्त डाव्या गालाची दाढी करतात. उजव्या गालाचा नंबर सणावारी लागतो. लग्नात फोटोवाला त्यांना हाताने धरून वळवतो. नवीन माणूस बिचकतो, पण नशिराबादच्या आमच्या गल्लीत आता कुणाला त्याचं काही वाटत नाही.

डावा गाल गुळगुळीत लागतो तो गवतासाठी. जन्मभर केळीच्या बागांत राबून आबांच्या बोटांची कातडी अशी झाली आहे, की गरम तव्याला हात लागला तर त्यांना ते वासावरून कळतं. बोटांना काही समजत नाही. म्हणून गवताची काडी तोडायची, तिचं पेर गालावर घासायचं आणि डोळे मिटून निकाल द्यायचा. निकाल ठरलेला असतो. "हाई मनं नई शे." म्हणजे, हे माझं नाही. आबा मूळचे धुळ्याकडचे, बोली अजून तिकडचीच.

हे माझं नाही, असं त्यांना सारखं का सांगावं लागतं, तर त्याला आमचा नाला कारण आहे. माझं घर नाल्याच्या या काठाला, आबांचं त्या काठाला. नाल्यात कमरेइतकं गवत माजलं आहे. जाड, रसाळ, प्रत्येक पेराला मुळं फुटणारं. एक फांदी पाण्यावर आडवी पडली की पलीकडे जाऊन उभी राहते. गवताने पाणी अडतं आणि जरा मोठा पाऊस झाला की ते माझ्या स्वयंपाकघरात येतं. आमचे मालक केळीच्या ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस दिल्लीच्या रस्त्याला. पीठ वर ठेवा, गॅसची टाकी पाटावर चढवा, मग सुपलीने पाणी बाहेर फेका, हे सगळं मी एकटी करते. पाणी काढून झालं की घाण वास राहतो. फिनेल टाकून पुसते आणि मग भिंतीला टेकून नुसती बसते.

गाव म्हणतं, गवत आबांनी आणलं. खोटं नाही. म्हैस होती तेव्हा आबांनी धुळ्याच्या एका गोठ्यातून ओल्या टॉवेलात गुंडाळून चार कांड्या आणल्या आणि मोरीच्या मागे लावल्या. पण नाल्यातलं गवत त्याच कांड्यांचं, हे आबांना मान्य नाही. त्यांचं म्हणणं, "मनं गवत मोरीमांगे शे. ते घरनं गवत शे. ते असं गावभर हिंडस का?"

जणू गवत म्हणजे वळण लावलेली पोर!

माझ्याशी आबा या विषयावर बोलत नसत. मी चूल बाहेर मांडून भाकरी थापत असले की पलीकडून विचारत, "सूनबाई, पानी उनं व्हतं का रातले?" मी म्हणायची, "थोडंसं." थोडंसं म्हणजे घोट्याएवढं. पण म्हाताऱ्या माणसाला तोंडावर काय बोलायचं?

या वर्षी पंचायतीने जेसीबी लावून नाला साफ करायचं ठरवलं. आबा काठावर खाट टाकून बसले. म्हणाले, आधी गवताची ओळख पटवा, मग मशीन आणा. ओळख न पटता गवत काढलं तर ते आबांचंच होतं असं कायमचं होईल. सरपंच वैतागले. शेवटी शेतकी खात्याचे एक तरुण साहेब आले. त्यांनी काडी मोडली, पेरावरची लव पाहिली, मोबाइलने फोटो काढला आणि सांगितलं, "हे पॅरा गवत. मूळचं आफ्रिकेकडचं. चाऱ्यासाठी आणलं, आता पाणी दिसेल तिथे पसरतं."

आबा खाटेवरून उठलेच. "आफ्रिकानं?"

"हो, आबा."

"बठ्ठासनी ऐकं ना? हाई आफ्रिकानं शे. मनं धुळानं शे!"

सगळे हसले. साहेबही हसले. सरपंचांनी कपाळाला हात लावला. "आबा, धुळ्याला तरी ते कुठून आलं असेल?"

"ते धुळावालासले इचारा. आनि नोटीस द्यायनी व्हई ते आफ्रिकाले द्या."

त्या दिवशी आबांनी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन हा निकाल सांगितला. माझ्या दारातही आले. मी चहा दिला. चहा पिताना त्यांची नजर माझ्या भिंतीवर गेली. ओटा, त्याखाली पाण्याची तपकिरी रेघ, तिच्यावर अजून एक, जुनी. त्यांनी वाकून वरच्या रेघेला हात लावला. बोटांना कळलं नसेल, पण रेघ दिसत होतीच. चहा अर्धा ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाल घोटून परत आले. हातात दोन काड्या. "हाई मोरीमांगली, हाई नालानी. मी डोया मीटस. तू एकेक लाव नि इचार."

मला लाज वाटली. मोठ्या माणसाच्या गालाला हात लावायचा कसा? पण ते ओसरीवर बसून डोळे मिटून थांबले होते, लस टोचायला बसवलेल्या मुलासारखे. मी पदर सावरला आणि मोरीमागची काडी गालावर फिरवली.

"नालानी," आबा म्हणाले.

मी नाल्यातली फिरवली.

"हाई मनी."

मग मी पुन्हा मोरीमागची लावली. ते म्हणाले, आपली. पुन्हा तीच लावली. त्यांनी स्वतःच गाल काडीवर घासून पाहिला. मग डोळे न उघडता म्हणाले, "सारखीच लागस व सूनबाई."

"हो आबा. सारखीच आहेत."

आबांनी डोळे उघडले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, अक्का, म्हणजे त्यांची बायको, उन्हाळ्यात म्हशीच्या चाऱ्यासाठी पार नदीपर्यंत जायची. कधी तक्रार नाही. रात्री मात्र उशी न घेता झोपायची. "तिनी मान दुखे." म्हणून त्यांनी दारातच गवत लावलं. अक्का दोन वर्षं दारातला चारा कापत होती. मग ती गेली, म्हैस विकली.

इतकंच बोलले. मला काहीतरी म्हणायचं होतं. मी म्हटलं, "आबा, अजून चहा घ्या."

खाट त्यांनी स्वतःच उचलली. जेसीबी आला, दुपारपर्यंत नाला मोकळा झाला. पाणी इतकं खाली गेलं की पलीकडच्या भिंतीचे दगड दिसले. सरपंच आबांना हात जोडून गेले, टोमणा एकानेही मारला नाही.

मशीन गेल्यावर आबा मोरीमागे विळा घेऊन बसले. मशीनने सोडलेलं ते तेवढंच उरलं होतं. मीही माझा विळा घेऊन पलीकडे गेले. कापून, मुळं उपटून ढीग झाला. मला वाटलं, वाळत घालतील, जाळतील. पण आबांनी दोरी आणली आणि भारा बांधला. कोपऱ्यावरच्या गवळ्याच्या म्हशींना देऊ, म्हणाले.

मी चुंबळ करून भाऱ्याला हात घातला. गवताचा भारा आमच्याकडे बाईनेच न्यायचा. आबांनी माझ्या हातातून चुंबळ घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

"लोक हसतील, आबा."

"हसू दे. उचल."

मी हात दिला. भारा चढला तसे ते जागच्या जागी थबकले. मान ताठ झाली, डोळे समोरच्या भिंतीवर. गवताचं पाणी सदऱ्यात उतरत होतं.

"इतला जड ऱ्हास?" त्यांनी विचारलं.

"ओलं गवत आहे ना आबा. जड असतं."

कोपरा जवळच आहे, पण आबा तिकडे वळलेच नाहीत. भारा घेऊन ते नदीच्या वाटेने निघाले, हळूहळू. मी दोन्ही विळे हातात धरून त्यांच्या मागे मागे चालले.