खोळीतली गाडी

नवी गाडी कशी घ्यायची ते आपल्याकडून शिकावं, असं पडदेवाले इमारतीत भेटेल त्याला ऐकवत होते. माणसं आधी गाडी घेतात आणि मग तिच्या सोयीसाठी धावाधाव करतात. पडदेवाल्यांचं सगळं आधी तयार! बॅटरीवर चालणारी ती भली थोरली एसयूव्ही कंपनीने अजून कुणाला धड दाखवलीही नव्हती. जाहिरातीत नुसता अंधार आणि त्यात दोन दिवे. पण पडदेवाल्यांचं बुकिंग झालं होतं, तळमजल्यावरच्या त्यांच्या कोपऱ्यातल्या जागेत चार्जिंगचा पॉइंट बसला होता आणि जुनी गाडी विकूनही झाली होती. नव्या गाडीला जुनीचं तोंड दिसायला नको, म्हणून. इथेच ते फसले.

पडदेवाले म्हणजे पडद्यांचे आणि सोफ्यांच्या खोळींचे दुकानदार. हात कसबी, पण जिवाला स्वस्थता म्हणून नाही. लाँचची तारीख जाहीर झाल्यापासून तर ते एका जागी बसेनात. गिऱ्हाइकाच्या खिडकीचं माप घेता घेता मध्येच मोबाइल काढून त्याच त्या दोन दिव्यांकडे बघत बसायचे. एकाच्या दिवाणखान्याचे पडदे त्यांनी न्हाणीघराच्या मापाने शिवून दिले. जेवताना बायकोने विचारलं, भाजी कशी झालीय, तर म्हणाले, "एका चार्जमध्ये लांबचा पल्ला गाठते."

इमारतीत गाड्या जास्त आणि जागा कमी. त्यामुळे नियम कडक होता. ज्याच्या जागेत गाडी नाही त्याला थोडे दिवस सवलत मिळायची. सवलत संपल्यावर सेक्रेटरीबाईंच्या संध्याकाळच्या फेरीत एकदा जरी जागा रिकामी दिसली, तरी ती दुसऱ्याला. आणि हा दुसरा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांच्या दोन गाड्या. दुसरी बाहेर झाडाखाली उभी असायची आणि पाखरांनी तिचा मूळ रंग कुणाच्या लक्षात राहू दिला नव्हता. पडदेवाल्यांच्या कोपऱ्यासमोरून जाताना डॉक्टर हमखास रेंगाळायचे.

सवलत संपत आली आणि लाँचला आठवडा बाकी! जागा गेली तर गाडी काय डोक्यावर ठेवायची?

मग त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली. भर दुपारी, सगळी इमारत कामावर गेलेली असताना, त्यांनी दुकानातल्या कारागिराला हाताशी धरून घरातला सोफा आणि जेवणाचं टेबल खाली आणलं. नुसतं वर कापड टाकलं असतं तरी भागलं असतं. सेक्रेटरीबाईंना चष्मा लावूनही जेमतेम दिसायचं. पण कसबी माणसाला नुसतं भागवता येत नाही. त्यांनी खाली फळ्या ठोकल्या, फळ्यांना सोफ्याची चाकं लावली. पुढे गाद्या रचून बॉनेट काढलं, चाकांच्या जागी रजया गुंडाळल्या, आरशांच्या जागी दोन कुशनं अडकवली. जाहिरातीतल्या अंधारात जेवढी दिसली तेवढ्या अंदाजाने रुपेरी कापडाची खोळ बेतली आणि शिवली. शेवटी चार्जिंगची वायर खोळीखाली सरकवून दिली. मागे सरून बघताना त्यांचेच डोळे भरून आले.

संध्याकाळी सेक्रेटरीबाई फेरीला आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. "आली?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणायला पडदेवाल्यांना कुणी बंदी केली नव्हती. पण आपल्या हातच्या कामाकडे कुणी इतक्या भक्तिभावाने पाहिल्यावर जीभ कशी वळणार? "आली," ते म्हणाले. "लाँचपर्यंत खोळ काढायची नाही, अशी कंपनीची अट आहे."

दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यात रीघ लागली. माणसं हळू आवाजात बोलत खोळीभोवती फिरायची. पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणायची. फोटो काढून इकडेतिकडे पाठवायची. डॉक्टरांनी जवळ येऊन हुंगलं आणि नव्या गाडीचा वास काही औरच, असा निर्वाळा दिला. तो गादीतल्या कापसाचा होता. मग त्यांनी बॉनेटवर हात टेकवला, तो मनगटापर्यंत आत गेला.

"मऊ लागतेय हो," डॉक्टर म्हणाले.

"समोरच्याला लागू नये म्हणून," पडदेवाले म्हणाले. "लक्झरी आहे."

डॉक्टरांनी मान डोलावली. पडदेवाल्यांच्या पाठीवरून मात्र घाम वाहत होता. रात्री झोप नाही, दिवसा दुकानात लक्ष नाही. कुणी खोळीला हात लावला की ते जिन्यातून धावत खाली यायचे. वर बायको सतरंजीवर झोपत होती आणि ताट मांडीवर घेऊन जेवत होती. "गाडीत बसायला मिळणार म्हणून घरात बसायचंही गेलं," ती म्हणायची. पडदेवाले म्हणायचे, अगं, लाँचपर्यंत कळ काढ.

लाँचच्या दिवशी सकाळी दारात टाय लावलेला एक माणूस उभा राहिला. गाडीच्या शोरूमचा मॅनेजर! फिरत फिरत फोटो त्याच्यापर्यंत पोचला होता. पडदेवाल्यांना वाटलं, बुकिंग गेलं, अब्रू गेली, आता जागाही जाणार. पण मॅनेजरच रडकुंडीला आला होता.

"साहेब, तुमच्याकडे आधीच कशी पोचली ते मी विचारत नाही," तो म्हणाला. "आमच्याकडची गाडी वाटेत अडकलीय. संध्याकाळी पाहुणे येणार. फक्त आजच्या दिवस तुमची द्या."

पडदेवाल्यांनी त्याला गुपचूप खाली नेलं आणि खोळीचं टोक वर केलं. मॅनेजरने आत डोकं घातलं. बराच वेळ ते बाहेर आलं नाही. आलं तेव्हा चेहऱ्यावर रंग परतला होता.

"बाहेरून कळत नाही हो," तो म्हणाला. "आमची तरी खोळ आज कुठे काढायचीय? खरी गाडी पडद्यावर दाखवू, ही बाजूला उभी ठेवू. एवढं करा, शहरातली पहिली गाडी तुमच्या दारात आणून देतो. शब्द आहे माझा."

पहिली गाडी! पडदेवाल्यांना पुढचं काही ऐकू आलं नाही.

दुपारी शोरूमचा सपाट ट्रक आला. गाडीला लाँचचं खास बोलावणं आलंय, ही बातमी इमारतभर झाली. सगळे निरोपाला खाली जमले. डॉक्टरांनी स्वतः पुढे होऊन ट्रकवाल्याला येऊ द्या, येऊ द्या करत मागे घेतलं. चार माणसांनी ढकलताच गाडी अलगद वर चढली, तेव्हा डॉक्टर चकित झाले. बॅटरी काढून ठेवलीय, असं पडदेवाल्यांनी सांगितलं आणि ते ट्रकमध्ये जाऊन बसले.

संध्याकाळी शोरूममध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी खोळीला पाठ लावून फोटो काढले. रेषा काय सुरेख आहेत, असं एकजण म्हणाला, आणि पडदेवाल्यांचं काळीज सुपाएवढं झालं. कितीतरी दिवसांनी त्यांचे पाय एका जागी ठरले. शीळ घालतच ते घरी परतले.

कोपऱ्यात डॉक्टरांची दुसरी गाडी उभी होती. धुतल्यावर ती निळी निघाली होती. डॉक्टर फडक्याने काच पुसत होते. शेजारी सेक्रेटरीबाई आणि पडदेवाल्यांची बायको उभ्या होत्या.

"फेरी झाली," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "जागा रिकामी होती."

"अहो, गाडी लाँचला गेलीय! तुमच्यासमोर गेली!"

"म्हणून तर खात्रीने सांगतेय, की जागेत नव्हती."

पडदेवाल्यांनी तोंड उघडलं. ती गाडी नव्हतीच, असं म्हणावं, तर जागा आठवडाभर आधीच गेलेली. ती गाडीच होती, असं म्हणावं, तर आज गेली. तेवढ्यात मोबाइल वाजला. मॅनेजरचा आवाज आनंदाने फुटत होता. अडकलेली गाडी सुटली होती, सकाळी इथे पोचणार होती, आणि शब्द दिल्याप्रमाणे पहिली पडदेवाल्यांचीच.

"फक्त एवढं सांगा साहेब, कुठे उभी करू?"

पडदेवाले निळ्या गाडीकडे बघत राहिले. बायकोने त्यांच्या हातातून मोबाइल घेतला.

"गाडी राहू द्या तुमच्याकडेच," ती म्हणाली. "आमचा सोफा तेवढा आजच पाठवा. यांना बसायला काहीतरी लागणार आहे."