हेडमास्तरांना भिणारं घड्याळ

"माझ्या नजरेतून सुटलेला गुन्हेगार अजून जन्माला यायचाय," असं थोरले जावई स्वतःच सांगत, आणि ते खोटं नव्हतं, कारण त्यांच्या नजरेस आजवर एकही गुन्हेगार पडला नव्हता. त्यांच्या कार्डावर एका बाजूला छापलेलं असे, 'तर्कमहर्षी. गुप्त चौकशी, सूक्ष्म निरीक्षण, निर्दोष निष्कर्ष.' दुसऱ्या बाजूला, 'गाद्या, उशा, तक्के. जुना कापूस पिंजून मिळेल.' घरात त्यांना तर्कमहर्षी अशीच हाक मारावी लागे, नाहीतर ते ओ देत नसत.

त्यांचा मदतनीस म्हणजे त्यांचा साडू, धाकटा जावई. हे पद त्यानं मागितलं नव्हतं. बायकोची थोरली बहीण ज्याच्या गळ्यात पडली, तो आपोआप त्याच्या गळ्यात पडला होता.

धाकटा सासरेबुवांच्याच घड्याळाच्या दुकानात बसे. दर रविवारी तिथल्या मागच्या खोलीत घड्याळवेड्यांचं मंडळ जमे. नावाजलेल्या घड्याळांकडे ही मंडळी ढुंकूनही पाहत नसत. ज्याचं नाव शेजाऱ्यानं कधी ऐकलेलं नाही, ज्यात सेल नाही, आणि जे घेतलं असं घरी सांगितल्यावरही रात्रीचं जेवण मिळतं, असंच घड्याळ त्यांना हवं असे. अशी घड्याळं सासरेबुवा कुठूनकुठून शोधून आणत. मागच्या काचेतून आतली चाकं फिरताना दिसत, आणि ती पाहण्याच्या नादात मंडळातला दाताचा डॉक्टर पेशंटला तोंड उघडायला लावून विसरून जाई.

या खेपेला सासरेबुवांनी एका अनोळखी कारखान्याची घड्याळं आणली होती. चावी द्यायची गरज नाही, हात हलला की आपोआप चावी बसते. मंडळातल्या प्रत्येकानं एकेक घेतलं. सगळी ठणठणीत चालत होती, फक्त मंडळातल्या निवृत्त हेडमास्तरांचं तेवढं बंद पडे. आज लावावं, परवा बंद. सासरेबुवांनी ते दोनदा उघडलं, डोळ्याला भिंग लावून चाकन् चाक तपासलं, तर दोष काही नाही. स्वतःच्या मनगटावर बांधलं की लेकाचं टकाटक चालायचं.

पंचाईत अशी, की घड्याळं वाटताना सासरेबुवा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "यातलं एक जरी खोटं निघालं, तर मी दुकानाची पाटी उतरवीन." आणि सासरेबुवा बोलले की बोलले. तरुणपणी एकदा रागानं चहा सोडला, तो आजतागायत सोडलेलाच होता. येत्या रविवारी मंडळ निकाल देणार होतं. पाटी उतरली तर धाकट्याला कुठंही काम मिळालं असतं, पण सासरेबुवा दुकानातल्या त्यांच्या खुर्चीशिवाय जगायचे नाहीत.

"आबा, तुम्ही सरांना विचारलंत का, हात हलता असतो की नाही?" त्यानं एकदा सासरेबुवांना विचारून पाहिलं.

"विचारलं. म्हणाले, रोज सकाळी तासभर झपाझप चालतो, डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग?"

"मग काय? संपलं."

खरंच संपलं होतं. अख्खं मंडळ हेडमास्तरांच्या हाताखालून शिकून गेलेलं. त्यांना दुसरा प्रश्न विचारायची छाती आजवर कुणाचीच झाली नव्हती.

तर्कमहर्षींना कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून ते लगेच आले.

"साडूभाऊ," ते दोन्ही हात पसरून म्हणाले, "हा घातपात आहे. चला."

हेडमास्तर आरामखुर्चीत हाताची घडी घालून बसले होते. तर्कमहर्षींनी खोलीचा वास घेतला, पडद्यामागं डोकावून पाहिलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजच्या दाराला चिकटलेले प्लॅस्टिकचा पोपट आणि टोमॅटो ताब्यात घेतले.

"लोहचुंबक," ते म्हणाले. "चुंबकाजवळ घड्याळ बिघडतं. गुन्हेगार स्वयंपाकघरात लपला होता."

"पण सर कधी फ्रीजजवळ जातात का?" धाकट्यानं विचारलं.

"पाणीसुद्धा हातात आणून द्यावं लागतं," आतून काकू म्हणाल्या. काकू म्हणजे हेडमास्तरांच्या पत्नी. पोपटानं धरून ठेवलेलं विजेचं बिल दरम्यान फ्रीजखाली गेलं होतं, आणि ते काढायला त्या झाडू शोधत होत्या.

दुसरा तर्क सूडाचा निघाला. दाताच्या डॉक्टरला हेडमास्तरांनी लहानपणी बाकावर उभं केलं होतं, तेव्हा तोच गुन्हेगार. त्याच्या पोटात शिरायचं म्हणून तर्कमहर्षी पेशंटचं सोंग घेऊन गेले. डॉक्टरनं तोंड उघडायला लावलं, आत खरोखरच किडलेली दाढ सापडली, आणि त्यानं ती काढली. संशयिताला एकही प्रश्न विचारता आला नाही.

"चौकशीत दाढ गेली," सुजलेला गाल धरून ते धाकट्याला म्हणाले. "पण माणूस निर्दोष आहे. अपराध्याचा हात एवढा हलका नसतो."

मग पुरावा म्हणून ते घड्याळ त्यांनी स्वतःच्याच मनगटावर बांधलं. दोन दिवस ते या प्रकरणाबद्दल भेटेल त्याला हातवारे करकरून सांगत होते, आणि दोन दिवस घड्याळ सेकंदभरही चुकलं नाही. शनिवारी ते धाकट्याला ओढत पुन्हा हेडमास्तरांकडे घेऊन गेले.

"रहस्य उलगडलं," ते म्हणाले. "सर, तुम्ही वर्गात शिरलात की काय व्हायचं?"

"सगळे गप्प बसायचे."

"बस. मी मी म्हणणारी पोरं गप्प बसायची, तिथं या एवढ्याशा घड्याळाची काय कथा? ते तुम्हांला भितं."

हेडमास्तरांना हा निष्कर्ष भलताच आवडला. "शक्य आहे," ते मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले. धाकट्यानं कपाळावर हात मारला. उद्या मंडळासमोर हेच सांगितलं जाणार, आणि सासरेबुवा मुकाट्यानं शिडी आणून पाटी उतरवणार, हे त्याला दिसायला लागलं.

चहाचे कप ठेवता ठेवता काकू थबकल्या. "हे घड्याळ चालतं तरी कशावर हो?"

"हाताच्या हालचालीवर, काकू," धाकटा म्हणाला. "माणूस हलता राहिला तर चालतं."

"आणि बसून राहिला तर?"

"थांबतं."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. हेडमास्तर एकदम छताकडे बघायला लागले. काकू बाहेर गेल्या आणि नवऱ्याचे फिरायला जायचे बूट घेऊन आल्या. ते त्यांनी टेबलावर, चहाच्या कपांशेजारी, उलटे ठेवले. तळवे जवळजवळ कोरे होते. एका तळव्यावर दुकानातली चिकटपट्टीसुद्धा अजून निम्मी शाबूत होती.

"रोज तासभर झपाझप," काकू म्हणाल्या. "हवेतून चालता का?"

खोलीत शांतता पसरली. हेडमास्तरांच्या वर्गात पसरायची तीच, फक्त या वेळी ते बाकाच्या दुसऱ्या बाजूला होते.

"कोपऱ्यावरच्या बागेत बाक आहे," शेवटी ते पुटपुटले. "तिथं वारा छान येतो."

"आणि तिथं काय करता?"

"हाताची घडी घालून बसतो."

काकूंचे डोळे भरून आले. "डॉक्टरांनी तुमच्या छातीवर हात ठेवून सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मी रोज दाराशी उभी राहून वाट बघते, आणि तुम्ही बाकावर." एवढं बोलून त्या आत निघून गेल्या. चहा कुणीच प्यायला नाही.

रविवारी मागची खोली गच्च भरली. सासरेबुवांनी शिडी आधीच भिंतीला लावून ठेवली होती. तर्कमहर्षी घसा खाकरून भीतीचा सिद्धांत मांडायला उभे राहिले, तेवढ्यात हेडमास्तर उठले.

"बसा," ते म्हणाले, आणि तर्कमहर्षी सवयीनं बसले. सगळ्यांचीच हाताची घडी पडली होती. हेडमास्तरांनी एकेका जुन्या विद्यार्थ्याकडे पाहिलं. त्यांचे स्वतःचे कान लालबुंद झाले होते. "घड्याळ पास आहे. मी चालायला जातो म्हणून सांगून बसून राहत होतो. नापास मी आहे."

मग डॉक्टर म्हणाला, "सर, बाकावर उभे राहा," आणि छप्पर उडेल एवढा हशा झाला. हेडमास्तरही हसले. सासरेबुवा मात्र पाठ फिरवून शिडी आत ठेवायला गेले, आणि बराच वेळ आतच राहिले. धाकट्यानं त्यांना जाऊ दिलं.

'भीतीचा धागा मीच पकडला होता,' असं तर्कमहर्षी पुढं सांगत फिरले. कार्डावर 'घड्याळांची गूढं' अशी नवी ओळ आली.

त्यानंतर हेडमास्तरांचं घड्याळ अखंड चालू लागलं. काकू रोज संध्याकाळी ते कानाला लावून बघत आणि खूश होत. एकदा सकाळी दुकान उघडायला जाताना धाकटा बागेवरून गेला, तर बाकावर हेडमास्तर हाताची घडी घालून बसलेले. मनगट रिकामं. शेजारी तर्कमहर्षी, दोन्ही हात हवेत नाचवत दाढेची हकीकत सांगतायत, आणि हेडमास्तरांचं घड्याळ त्यांच्या मनगटावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा पुन्हा तिथूनच गेला. बागेच्या वळणावरून काकू आल्या. पायात बूट, पदर खोचलेला. एक अक्षर न बोलता त्यांनी तर्कमहर्षींच्या हातातलं घड्याळ सोडलं, नवऱ्याच्या हातात बांधलं, तोच हात घट्ट धरला आणि त्यांना ओढत चालायला लागल्या. वळणापर्यंत हेडमास्तर कुरकुरत होते. वळणापलीकडे दोघांची पावलं जुळली होती.

"साडूभाऊ, पाहिलंत?" तर्कमहर्षी धाकट्याच्या कानाशी लागले. "काकूंना कुणीतरी खबर दिली. आतल्या गोटातला माणूस आहे. आपल्या ओळखीचासुद्धा असेल."

"असेल, दादा," धाकटा स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला.

"मी स्वतः त्याला शोधून काढणार."

हे ऐकलं, आणि धाकट्याच्या मनावरचं ओझं उतरलं. खबर कुणी दिली ते आता कुणालाच कधी कळणार नव्हतं.