नव्वद मिनिटांची बिअर

उकळी येऊन तीस मिनिटं झाली आणि पातेल्याखालची निळी ज्योत दोनदा फडफडून विझली. व्हर्लिन टोलेफसनने सिलिंडर हलवून पाहिला. रिकामा.

"मार्लिस! दुसरा सिलिंडर कुठाय?"

"हाच तो दुसरा," त्याची बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. "पहिल्यावर आम्ही काल चर्चच्या सहलीसाठी कणसं उकडली. तीनशे!"

रविवार होता आणि विस्कॉन्सिनच्या त्या लहानशा गावातलं सिलिंडरचं दुकान बंद होतं. व्हर्लिन पातेल्याकडे बघत राहिला. फिक्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, रस नव्वद मिनिटं उकळलाच पाहिजे, नाहीतर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो, असं तो गावातल्या बिअर-मंडळाला बावीस वर्षं बजावत आला होता. त्यात ही बिअर साधी नव्हती. मुलीच्या, कर्स्टनच्या, लग्नात कोणाची बिअर ओतायची ते हिच्यावर ठरणार होतं. होणारा व्याही रोलंड श्यूट्टे हाही घरीच बिअर करायचा आणि राजरोस अर्धाच तास उकळायचा. दोघांनी एकमेकांना ऐकवून ऐकवून इतका वैताग आणला, की कर्स्टनने निकाल दिला: सारख्या सामानाची बिअर दोघांनी करा, नावं लपवून चाखू, जिंकेल त्याची लग्नात.

व्हर्लिनने इकडेतिकडे पाहिलं, रस थंड केला, यीस्ट टाकलं आणि गॅरेजला कुलूप लावलं.

"कुलूप?" मार्लिसने विचारलं. "बिअर कोण चोरणार आहे?"

"व्याह्यांचा भरवसा नाही."

आठवड्याने रोलंड पाहुण्यांची यादी घेऊन आला. यादी त्याने खिशातून काढलीच नाही, कुलूप मात्र उघडायला लावलं. काचेच्या बरणीसमोर तो वाकला.

"व्याहीबुवा, बरणी गळ्यापर्यंत भरलीय की! नव्वद मिनिटं उकळून एवढं उरतं?"

"झाकण ठेवलं होतं."

"झाकण? झाकण ठेवलं की मक्याचा वास आतच कोंडतो, असं तुम्हीच सांगता ना?"

"अर्धं ठेवलं होतं," व्हर्लिन म्हणाला. "तुमची बरणी किती भरली?"

"माझी? ठीक आहे." रोलंड लगेच सरळ झाला आणि यादी शोधू लागला. व्हर्लिनला ते खटकलं. एरवी हा माणूस आपल्या बिअरबद्दल तासभर बोलत असे.

तीन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, मंडळाचे आठ सभासद गॅरेजमध्ये जमले. कर्स्टनने दोन जग मांडले, एक नंबर आणि दोन नंबर. कुठला कोणाचा ते तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

व्हर्लिनने पहिला पेला हुंगला. मका नाही. दुसरा हुंगला. मका नाही. त्याने पुन्हा पहिला हुंगला. दोन्ही बिअर अर्ध्या तासाच्या, आणि एकीलाही वास नाही? बावीस वर्षांत त्याला स्वतःच्या सिद्धांताचा संशय कधी आला नव्हता, तो आताही आला नाही. त्याला रोलंडचाच आला. रोलंडही पेल्यात नाक खुपसून त्याच्याकडेच बघत होता.

काहीतरी बोलणं भाग होतं. फरक एवढाच, की दोन नंबर जरा जास्त कडू होती.

"दोन नंबरला मका येतोय," व्हर्लिनने जाहीर केलं.

"येतोय खरा!" एक सभासद म्हणाला.

"चांगलाच येतोय," दुसऱ्याने मान डोलावली. मग तो सगळ्यांनाच येऊ लागला. आठपैकी सात मतं एक नंबरला पडली.

"एक नंबर बाबांची," कर्स्टन म्हणाली.

रोलंडचा चेहरा लाल झाला. "मका? माझ्या बिअरला? अहो, नव्वद मिनिटं उकळलीय मी!"

सभासदांनी आपापले पेले पुन्हा हुंगले.

"तुम्ही?" व्हर्लिनने विचारलं.

"हरायची भीती वाटली हो. म्हटलं, एवढं बावीस वर्षं सांगतोय माणूस, असेल काही तथ्य." रोलंडने पेला खाली ठेवला. "तरी हरलोच."

"बाबा, लग्नाला अगदी अशीच हवी," कर्स्टन म्हणाली. "कणभरही बदलू नकोस."

"नुसती मिनिटं मोजून भागत नाही, हातही लागतो," रोलंड म्हणाला. "व्याहीबुवा, लग्नाची बिअर कराल तेव्हा मी येणार. उकळी आल्यापासून शेवटच्या मिनिटापर्यंत शेजारी उभा राहून बघणार. नाही म्हणू नका."

व्हर्लिनने पेल्यातली बिअर सावकाश संपवली.

"पुढच्या रविवारी करतोय. आठला उकळी येईल."

"मग आठला हजर."

"नऊला या," व्हर्लिन म्हणाला. "पहिल्या तासात बघण्यासारखं काही नसतं."