बिसेनकाकांची नदीकाठची गाडी

बिसेनकाका सायकल चालवत नाहीत, ते ती 'सोडतात'. आधी शिट्टी फुंकायची, मग हिरवं फडकं हलवायचं आणि मगच पायडलवर पाय. रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण नोकरी काही अंगातून गेलेली नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला ते आमगावहून निघतात आणि वाघ नदीच्या काठाकाठानं वर चिचगडच्या जंगलापर्यंत जातात. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत. वाटेतल्या गावांना थांबा दोन मिनिटं. मी त्यांचा शेजारी, इथल्या कॉलेजात बदलून आलेला, गिअरची सायकल मिरवणारा. उन्हाळ्याच्या सुट्टीत हौसेनं म्हणालो, मीही येतो. काकांनी मला नखशिखांत न्याहाळलं.

"या मास्तर. पन आपली गाडी कोनासाठी थांबत नाही."

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. पहिल्याच थांब्यावर मी चहा फुंकत होतो, तेवढ्यात शिट्टी झाली आणि गाडी सुटली! अर्धा कप तसाच टाकून मी पार पुढच्या गावापर्यंत त्यांचा पाठलाग केला.

"काका, थांबायचं तरी!"

"कायले? टाइम झाला होता."

एका गावाबाहेर जुन्या शिवमंदिराचे कोरीव खांब गवतात आडवे पडलेत. मी भारावून इतिहास विचारला. तोही दोन मिनिटांतच बसवलेला होता. "राजानं बांधलं. पाडलं कोनं, मालूम नाही. चला." पुढे डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ आले, खाली नदीचं पांढरं वाळूचं पात्र, वर सागाचं रान. मी ब्रेक दाबला, तर पुढून आवाज आला, "डोंगर कुठी पळून नाही जाऊन रायला, मास्तर. उद्या येताना पाहा!"

मनातल्या मनात मी त्यांना बरंच काही म्हणून घेतलं.

चिचगडच्या अलीकडे एक गाव लागलं. ऊन चांगलंच चढलं होतं, माझी बाटली रिकामी होती. निळ्या दाराच्या एका घरासमोर काकांनी वेग कमी केला, तीनदा घंटी वाजवली, आणि न थांबता पुढे निघून गेले. गावाबाहेर नदीकाठी पळसाच्या सावलीत मात्र सायकल लावून खाली बसले. त्यांच्या घशालाही कोरड पडलेली दिसत होती.

"काका, त्या घरी पाणी तरी मागितलं असतं."

"तिथं माही लेक दिली हाय, मास्तर." ते जमिनीकडे बघत म्हणाले. "लेकीले लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं पानी घेत नाही आमी. नऊ वरसं झाले."

"मग नुसतं भेटून तरी या."

"ओसरीवर बसलो का पानी येते. मी नाही मनलं, का साऱ्या घराले आठवते काऊन नाही मनलं ते. मंग सासू तिच्याकडे पाहाते. कायले तिले तरास?"

दर महिन्याला एवढी रपेट करून हा माणूस येतो तो तीनदा घंटी वाजवायला! मला त्यांचा राग आला, आणि त्या रीतीचा त्याहून जास्त.

तेवढ्यात गावाकडून एक बाई झपाझप येताना दिसली. काका धडपडत उठले.

"सरिता, तू काऊन आली वं?"

"दर बार घंटी वाजवून पळता. मले ऐकू येत नाही का?"

एवढं बोलून ती सरळ नदीच्या कोरड्या पात्रात उतरली. गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी वाळू उकरू लागली. हळूहळू खड्ड्यात पाणी पाझरलं. गढूळ पाणी तिनं दोनदा उपसून टाकलं, तिसऱ्यांदा नितळू दिलं. मग पळसाचं पान तोडून त्याचा दोना केला, भरला आणि बापापुढे धरला.

काका मागे सरकले. "बेटा, पन..."

"भांडं माह्या घरचं नाही. पानी बी नाही. हे खाली तुमच्याच गावाले जाते ना? प्या, बाबूजी."

काकांनी दोना घेतला. घाईघाईनं तोंडाला लावताना निम्मं पाणी शर्टावर सांडलं. सरितानं पुन्हा भरून दिला, ते पुन्हा प्यायले. नंतर आणखी एक, आणखी एक. पाचव्या दोन्याला त्यांची तहान केव्हाच भागली असणार, पण ते नाही म्हणाले नाहीत.