काशातात्याची हवा खायची होडी

काशातात्या माझ्या दुकानात आला की आधी तांब्याभर पाणी मागायचा, आणि ते प्यायचा नाही. तांब्या काउंटरवरच्या स्पीकरवर ठेवायचा, मान वाकडी करून पाण्याकडे बघायचा आणि मला हुकूम सोडायचा, "हां, लाव आता." मी कॅसेट लावायचो. पाणी थरथरलं तर स्पीकर पास. नाही थरथरलं तर गाणं कितीही गोड असो, स्पीकर नापास. कान हा अवयव तात्याच्या मते शेजाऱ्यांची भांडणं ऐकण्यासाठी होता. गाण्याची परीक्षा पाण्यानंच करायची. "पानी हालला पायजे," एवढंच त्याचं म्हणणं.

एकदा पाणी इतकं हललं की तांब्या स्पीकरवरून सरकत सरकत खाली आला आणि दुरुस्तीला आलेला एका साहेबांचा रेडिओ आंघोळ करून मोकळा झाला. मी डोक्याला हात लावला. तात्यानं मात्र समाधानानं मान डोलावली आणि म्हणाला, "ह्यो स्पीकर घेतो."

माझं दुकान बोईसर स्टेशनजवळ, रेडिओ-टेप दुरुस्तीचं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कारखान्यांतली पोरं पगार झाला की टेपरेकॉर्डर घेऊन यायची आणि "भाई, बेस बढ़ा दो" म्हणायची. त्यांचा बेस वाढवून माझं घर चालत होतं. त्यात हा समुद्रकाठच्या मुरबे गावचा म्हातारा कोळी एक दिवस एसटीनं आला आणि म्हणाला की होडीत ष्टिरिओ बसवायचा आहे. मला वाटलं, मासे पकडायची नवीन युक्ती असेल. सुरमईला गाणी आवडत असतील, आपल्याला काय कळतं!

तसं नव्हतं. तात्या जन्मभर तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, होता. आता पोरांनी मोठी बोट घेतली होती, जाळीही तिच्यावर गेली होती, आणि छोटी जुनी होडी तात्याच्या वाट्याला उरली होती. ती विकावी, नाहीतर फोडून चुलीला लावावी असं घरच्यांचं मत होतं. तात्यानं जाहीर केलं की ही आता हवा खायची होडी. आख्खी वाडी हसली. ज्यानं सगळा जन्म समुद्रावर वारा खाल्ला, तो आता हौसेनं हवा खायला समुद्रावर जाणार! येताजाता लोक विचारायचे, "तात्या, हवा ताजी हाय का खारवलेली?" तात्या आपल्या कामात मान घालून असायचा. त्याला एकच गोष्ट साऱ्या वाडीला पटवायची होती, की ही होडी आता मासळीची राहिलेली नाही.

त्यासाठी त्यानं काय नाही केलं? होडीला गुलाबी रंग फासला. मासळी ठेवायच्या खणावर फळ्या ठोकल्या. भंगारवाल्याकडून मोडीत निघालेल्या एसटीचं बाकडं आणलं आणि होडीच्या बरोब्बर मध्यावर बसवलं. बाकड्याच्या पाठीवर 'महिलांसाठी राखीव' असं लिहिलेलं होतं. सगळ्या होडीला रंग लावणाऱ्या या माणसानं तेवढ्या अक्षरांना ब्रशसुद्धा लागू दिला नव्हता. मी जोडणीला गेलो त्या पहिल्याच दिवशी दमून त्या बाकड्यावर टेकलो, तर तात्या म्हणाला, "उट, इंजनेर. वाचता येते ना?" मी आजूबाजूला बघितलं. होडीत तो आणि मी. महिला म्हणायला पाण्यावर एखादी बगळी असेल तर असेल. तरी उठलो. हातात स्क्रू-ड्रायव्हर धरणारा प्रत्येक जण तात्याच्या लेखी इंजनेर होता, पण म्हणून त्याला बाकड्यावर बसायचा हक्क नव्हता.

जोडणीचं काम म्हणजे एक डोकेदुखीच होती. ट्रकची बॅटरी, गाडीत बसवतात तसला अॅम्प्लिफायर, दोन बाजूंना दोन स्पीकर. मी मोठ्या हौसेनं समजावलं की ष्टिरिओमध्ये ढोलकी एका बाजूनं येते, बासरी दुसऱ्या बाजूनं. तात्याचा चेहराच उतरला. ढोलकी जड, बासरी हलकी, मग होडी कलंडणार नाही का? मी म्हटलं, आवाजाला वजन नसतं. तो म्हणाला, "तुज्या दुकानाला खाली जमीन हाय, म्हनून तुला वाटते तसा." शेवटी मी दोन्ही स्पीकरांत सारखाच आवाज सोडला. म्हणजे ष्टिरिओतला ष्टिरिओ काढून टाकला. तात्यानं दोन्हीकडे तांब्या ठेवून पाणी सारखं हलतंय ना ते तपासलं, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

पंधरवड्यात तो अॅम्प्लिफायर पोत्यात गुंडाळून दुकानात हजर. बंद पडला होता. मी पोतं उघडलं आणि दुकानातली गिऱ्हाईकं नाक धरून बाहेर पळाली. कारखान्यातला एक जण रस्त्यावरून ओरडला, "भाई, ये रेडियो की दुकान है या मच्छी मार्केट?" तात्यानं खाऱ्या हवेपासून वाचावं म्हणून वायरीच्या प्रत्येक टोकाला, प्रत्येक स्क्रूला, आणि झाकण काढून आतसुद्धा मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल चोपडलं होतं. होडीच्या लाकडाला हे तेल लावायची कोळ्यांची जुनी रीत. लाकूड टिकतं, मग वायर का टिकू नये? त्याच्या हिशेबात काहीच चुकीचं नव्हतं. तीन दिवस माझ्या दुकानाभोवती बोईसरातली सगळी मांजरं मुक्कामाला होती.

अॅम्प्लिफायर धुऊनपुसून, सुकवून, परत बसवायला मी मुरब्याला गेलो. ओहोटी होती, होडी वाळूत टेकलेली. आम्ही काम करत होतो तेवढ्यात तात्याची बायको, जानकीबाय, डबा घेऊन आली. ठेंगणी, कासोटा घट्ट, पालघरच्या बाजारात टोपली टाकून बसली की भाव करायची कुणाची छाती होणार नाही अशी बाई. ती खाली वाळूतच थांबली आणि डबा हात उंच करून वर धरला. मी साळसूदपणे म्हटलं, "मावशी, वर या की." मी तिला चपला घालून देवळात बोलवावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

"मासलीच्या होडीवर बाईमानसाचा पाय पडत नाय," ती म्हणाली.

तात्या मान वर न करता पुटपुटला, "मासलीची कुटं हाय आता?"

जानकीबायनं नाक वर करून एकदा हुंगलं. "वास येते," म्हणाली आणि निघून गेली.

तात्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर उगाच फिरवत बसला. मग मला कळलं ते त्याच्याच तोंडून, तुकड्यातुकड्यानं. लग्न होऊन आल्यापासून या होडीचं अर्धं काम तिनं केलं होतं. मासळीच्या टोपल्या डोक्यावरून वाहिल्या, बोंबील वाळवले, बाजारात विकले. दर नारळी पौर्णिमेला होडीला हळदकुंकू तिनंच लावलं, तेही खाली पाण्यात उभं राहून, हात उंच करून. पण होडीत तिनं कधी पाऊल ठेवलं नाही. तशी रीतच होती. रीत मोडायला सांगितलं तर ती ऐकणारी नव्हती, आणि तात्याची सांगायची टाप नव्हती. म्हणून त्यानं होडीच बदलायला घेतली होती.

"समिंदराचा खाल्ला सगला जन्म," तो म्हणाला, "पन समिंदर बगितला नाय तिना. किनाऱ्यावरशी दिसते तो काय समिंदर हाय?" मग त्यानं अॅम्प्लिफायरवर प्रेमानं हात ठेवला. "मासलीच्या होडीत कोन गानी लावते, सांग. गाना वाजला की ती हवा खायची होडी. मंग तिला यायला काय हरकत?"

मी बाकड्याकडे बघितलं. महिलांसाठी राखीव. इतके दिवस मी या माणसाच्या खोड्या काढत होतो, त्याच्या नकला दुकानात करून दाखवत होतो. आता त्याच्यासमोर हसू येईना.

"तात्या," मी म्हटलं, "वास तुमच्या तेलाचा येतोय."

त्या दिवसापासून मी पण त्याच्याइतकाच खुळा झालो. सगळ्या वायरी उपसून काढल्या, नव्या टाकल्या, प्लॅस्टिकच्या नळीतून नेल्या, टोकं मेणानं बंद केली. तात्यानं होडी सोड्यानं घासली आणि रोज संध्याकाळी तिच्यात धूप घालू लागला. होडीला लग्नाच्या मांडवाचा वास येऊ लागला. आता वाडीतली पोरंसुद्धा त्याला चिडवेनाशी झाली, कारण वेड्याला चिडवण्यात मजा नसते.

मग नवीनच भानगड निघाली. इंजिन सुरू केलं की गाण्याच्या मागे टुक-टुक-टुक असा ठेका स्पीकरमधून यायचा. इंजिनावर फिरणाऱ्या डायनामोचा तो उपद्व्याप. खरं तर ठेका गाण्याला बरा शोभत होता, मी तसं सुचवूनही बघितलं. तात्या हट्टाला पेटला. "गान्यात इंजिन नको. इंजिन आयकू आला की मासलीची होडी झाली." मग मी बॅटरीपासून वेगळी वायर ओढली, कंडेन्सर बदलले, चोक बसवला, अर्थिंग तीनदा केलं. दुकानाला कुलूप लावून मुरब्याला जायचो. गिऱ्हाईकं शिव्या घालत होती, बायको विचारत होती की त्या होडीत आहे तरी कोण. महिना घालवून मी तो आवाज स्पीकरमधून पार नाहीसा केला. वर आवाज इतका वाढवून दिला की बाहेरचं इंजिनही ऐकू येईना. तात्यानं तांब्या ठेवला. पाणी मस्त हललं.

समुद्र शांत होता अशा एका दुपारी जानकीबाय किनाऱ्यावर आली. तिच्यामागून वाडीतल्या बायकाही आल्या, सुकवायचे बोंबील टाकून. तात्यानं मोठ्यानं गाणं लावलं होतं. लग्नात वाजतं तसलं, बँजोचं. जानकीबायनं नाक वर करून हुंगलं. या खेपेला नाक मुरडलं नाही. मग तिनं बाकड्याकडे बोट केलं आणि त्यावर काय लिहिलंय ते विचारलं.

"बायकांसाटी ठेवलाय, असा लिवलाय," तात्या म्हणाला. "सरकारनी लिवलाय. मी नाय."

जानकीबायनं कासोटा आवळला. मग तिनं होडीच्या कडेला हात लावून तो कपाळाला लावला आणि चढली. मी हात पुढे केला होता, तो तिला दिसलासुद्धा नाही. बाकड्यावर बसली, दोन्ही हातांनी त्याची कड गच्च धरून. तात्यानं सुकाणू धरलं आणि होडी निघाली. किनाऱ्यावरच्या बायका लहान लहान होत गेल्या. गाणं दणाणत होतं. तात्या समुद्राकडे बघतच नव्हता, तो सारखा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि मी जीव मुठीत धरून माझ्या वायरींकडे.

बरंच आत गेल्यावर ती म्हणाली, "ते बंद करा."

तात्याचा चेहरा पडला. गाणं आवडलं नाही का, आवाज मोठा झाला का, असं तो चाचरत विचारू लागला. तिनं मान हलवली.

"इंजिन आयकू द्या," ती म्हणाली. "पाटंच्या अंदारात सगल्या होड्या एकदम यायच्या. मी चुलीपाशी बसून वलखायचे, ह्यो आवाज आपला. मंगच भात टाकायचे. येवडी वर्सा लांबूनशी आयकला. आता जवलून आयकू द्या."

तात्यानं माझ्याकडे बघितलं. मी बटण बंद केलं. महिनाभर झटून जो आवाज मी मारला होता, तो लाकडातून, पाण्यातून, पायाखालून वर आला. तात्या खाली वाकला आणि त्यानं इंजिनाचा वेग कमी केला, म्हणजे ठोके एकेक करून ऐकू येतील. बंद स्पीकरवर तांब्या तसाच होता आणि त्यातलं पाणी हलत होतं.

परत वळायची वेळ झाली, उन्हं कलली, तरी तात्या होडी सरळच नेत होता. मीही आठवण केली नाही. शेवटी तीच म्हणाली, "वलवा आता. भात टाकाचा हाय."